दोन ओळींचं उत्तर

३ ऑक्टोबर, गुरुवार

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायला घेतलं असशील तर जरा थांब. तुझ्या खुर्चीवर माणूस शोधताहेत. एवढं वाचलंस, आता खुशाल फाड.

फोन तू उचलत नाहीस. गिरणीच्या मेलवर लिहावं तर ते आधी तुमचे मोठे साहेब वाचणार. म्हणून सहा वर्षांनी पोस्टाचं तिकीट चिकटवलं. अक्षर मोठं आलंय, पेन जाड आहे.

आता नीट सांगते. नोकऱ्या जुळवून देणारे लोक मला लिहीत असतात, महिन्याला चार-पाच तरी. रंग जुळवणारी माणसं हल्ली मिळत नाहीत म्हणतात. एकाने मला भिंतींचे रंग विकायच्या दुकानात बोलावलं होतं. एकजण मला 'सर' म्हणतो. एकाला तिशीच्या आतलं माणूस हवं होतं आणि अनुभव वीस वर्षांचा. मला कुठेही जायचं नाहीये. माझी गिरणी लहान आहे, लॅबमध्ये आम्ही चौघंच, साडेपाचला हात धुऊन निघते, लेकीचा अभ्यास घेते. बरं चाललंय. तरी मी प्रत्येकाला उत्तर देते. नवरा म्हणतो, "अगं, जायचं नाही तर गप्प बस ना! दारावर आलेल्या प्रत्येक विक्रेत्याला बसवून चहा पाजणार आहेस का?" पण मला नाही जमत. कुणी विचारलं तर दोन ओळी लिहाव्यात. आभार, सध्या शोधात नाही, बस्स.

त्यातला एक फार चिकट आहे. त्याचा प्रत्येक निरोप 'आशा आहे मजेत असाल' असा सुरू होतो, म्हणून मी त्याचं नावच मजेतअसाल ठेवलंय. काल त्याने जे पाठवलं ते जसंच्या तसं उतरवते:

'आशा आहे मजेत असाल. एका नामांकित कापड गिरणीला रंगाच्या प्रयोगशाळेसाठी प्रमुख हवा आहे. गिरणीचं नाव तूर्त गुप्त. प्रयोगशाळा रंगखात्याच्या वर, लोखंडी जिन्याने जावं लागतं. उत्तरेला पूर्ण काच. हाताखाली अकरा माणसं. सध्याच्या प्रमुखांना याची कल्पना नाही, तरी वाच्यता नसावी.'

काय ही गुप्तता! तो लोखंडी जिना मी अकरा वर्षं चढलेय. माझ्या माहितीच्या कागदावर तुमच्या गिरणीचं नाव ढळढळीत लिहिलंय, तरी याला वाटतं मला ओळखू येणार नाही. आपण बहिणी आहोत हे मात्र त्याला ठाऊक नाही. माझं आडनाव बदललंय ना.

मी त्याला नेहमीसारखं दोन ओळींत उत्तर दिलं आणि तुला लिहायला बसले. तुझ्या खुर्चीकडे माझा डोळा नाही. हे तुला पटणार नाही, पण लिहून ठेवते.

निळ्या रंगावरून अलीकडे काही कुरबुर झाली का गं? सहज विचारतेय.

तुझी धाकटी


७ ऑक्टोबर, सोमवार

ताई,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. उत्तराची वाट बघत नव्हते असं लिहिणार होते, पण चार दिवसांत तीनदा टपालपेटी उघडून पाहिलीय.

मजेतअसालला मी पुन्हा लिहिलं. 'जरा तपशील कळले तर विचार करता येईल,' असं. खोटं लिहिलं. पण दार लावून बसले असते तर आत काय शिजतंय ते कळलं नसतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याचाच फोन. मी मागच्या अंगणात, रिकाम्या पिंपांमध्ये उभी राहून बोलले.

"तुम्हाला म्हणून सांगतो मॅडम," तो म्हणाला, "निळ्या कापडाचे तीन लॉट परत आलेत. रंग मोजायचं यंत्र नापास म्हणतं, बाई सही करून पाठवून देतात. मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणतात."

"मग त्यांना विचारायचं ना सरळ."

"तीस वर्षं झालीत त्यांना. तोंडावर कोण विचारणार? त्यापेक्षा अठरा तारखेला चाचणी ठेवलीय. निळ्याच्या बारा चिंध्या, त्यांच्या सहा जोड्या लावायच्या. बाहेरून दोघं-तिघं येतील. ज्याची नजर चोख, त्याला तिथल्या तिथे पत्र. बाईंना सोमवारपासून घरी."

अठरा म्हणजे शुक्रवार, ताई. आजपासून अकरा दिवस.

"यादीत तुम्ही पहिल्या आहात बरं का," असं म्हणून त्याने फोन ठेवला. तुझ्यापासून लपवत नाही, हे ऐकून माझी मान क्षणभर ताठ झाली. मग स्वतःचाच राग आला, पण आधी मान ताठ झाली.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? ताई, तू डोळे दाखव. यंत्र बिघडलेलं नाही, डोळे दाखव. आईचं आठवतं ना? तिला सगळ्या पांढऱ्या चादरी पिवळ्या दिसायला लागल्या होत्या. धुऊन धुऊन, नीळ घालून घालून तिने त्यांचं आकाश करून टाकलं, आणि आपण दोघी हसत होतो. मोतीबिंदू निघाला. तेव्हा ती साठीची होती, तू चोपन्नची आहेस, पण काचेपाशी बसून दिवसाचे नऊ तास डोळे ताणलेस त्याचं काय?

मला कसं कळलं, असं तू विचारशील. लेकीच्या शाळेचा गणवेश आणला होता. कापडाच्या कडेला तुमच्या गिरणीच्या दोन रेघा. घरी आणून खिडकीपाशी धरला तर पाठ निळी आणि बाह्या हिरवट! दोन लॉटचं कापड एका सदऱ्यात आलेलं. दोन्ही तू पास केलेले. दुकानदाराला दिसलं नाही, लेकीला दिसलं नाही, दहा हजारांत एकाला दिसेल इतकीच झाक. पण ज्याला तू शिकवलंस त्याला दिसणार ना?

तेव्हाच तुला कळवायला हवं होतं. नाही कळवलं. मागच्या वेळेसारखंच. तू एक दिवस सुट्टीवर होतीस, आणि अकरा वर्षं शिकवलेल्या बहिणीने टेबलावर राजीनामा ठेवला. तुला तो शिपायाने वाचून दाखवला. मला नवीन जागाही अशाच एका नोकरी जुळवणाऱ्याने लावून दिली होती, आणि त्यानेच माझ्याबद्दल चौकशी करायला तुला फोन केला होता. तू त्याला काय सांगितलंस ते मला नंतर कळलं. 'उत्तम आहे, घ्या' म्हणालीस आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलली नाहीस.

डोळे दाखव. बाकी भांडण नंतर.

धाकटी


११ ऑक्टोबर, शुक्रवार

ताई,

काल गोदामकाकांचा फोन आला. घाबरू नकोस, त्यांनी चहाडी केली नाही, मीच आधी केला होता, त्यांनी उलट केला. "धाकटे, तूच ना गं?" म्हणाले आणि मग कितीतरी वेळ नुसतेच खोकत राहिले.

म्हणाले, "तुझी पत्रं येतात. ती वाचते आणि खणात ठेवते. फाडत नाही."

एवढ्याने मला रडू आलं. पुढचं ऐकून ते थांबलं.

"दिव्याच्या पेटीतल्या नळ्या तिसऱ्यांदा बदलायला लावल्यात गं तिने या वर्षात. नळ्यांचा उजेड पिवळा येतो म्हणते. मी नव्या कोऱ्या दिल्या, खोक्याचं सील तिच्यासमोर फोडलं. दोन दिवस बरं म्हणाली. मग परत तेच. आता नमुना घेऊन तास तास काचेपाशी उभी असते, आणि कुणी आलं की काच पुसायचं नाटक करते."

ज्या पेटीखाली कापड बघितलं की उन्हाळा-पावसाळा, सकाळ-संध्याकाळ सगळा उजेड सारखा, त्या पेटीवर तू मला पहिल्या दिवशी हात ठेवायला लावला होतास. आणि आता तुला वाटतं, ती पेटीच फसवतेय! ताई, असली चूक दुसऱ्या कुणी केलीच नसती. साधं माणूस आधी स्वतःचा चष्मा पुसतं. आपण आधी दिवे बदलतो, कारण डोळा चुकेल हे आपल्या मनातच येत नाही.

"पोरं मागून बोलतात," काका म्हणाले. "नाचता येईना अंगण वाकडं. मी एकाला चांगला झापला. पण धाकटे, खरं सांगू का, मलाही भीती वाटते."

मी त्यांना चाचणीचं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? तुला माझ्या पत्रातून कळणं वेगळं आणि गोदामातून कळणं वेगळं.

आणखी एक. मजेतअसालने सकाळी निर्वाणीचा निरोप दिला, आज होकार द्या नाहीतर तुमचं नाव वगळतो. वगळलं असतं तर पुढचं काहीच कळलं नसतं. मी होकार दिला. अठराला सकाळी दहा वाजता. नवऱ्याने ऐकलं आणि ताट बाजूला सारून म्हणाला, "तू नोकरी शोधत नाहीस, नोकरी सोडत नाहीस, मग तू नक्की करतेयस तरी काय?" मी तुला वाचवतेय असं म्हणणार होते, पण ते तोंडातून निघेना.

सात दिवस राहिले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलीस का? फक्त हो किंवा नाही एवढं काकांजवळ सांग.

धाकटी


१४ ऑक्टोबर, सोमवार

ताई,

आज सगळं लिहिते. आधीच्या तीन पत्रांत मी तुझ्याशी सरळ वागले नाही.

शनिवारी मजेतअसालचा फोन आला, चाचणीची वेळ पक्की करायला. मी सहज म्हणून विचारलं, "या गिरणीने तुम्हालाच कसं काम दिलं हो? त्यांच्याकडे कधी बाहेरून माणसं घेतल्याचं ऐकलं नाही."

तो मनापासून हसला. "तुमचीच कृपा मॅडम! ऑगस्टमधलं तुमचं ते उत्तर आठवतं का? मी ते छापून सरळ त्यांच्या साहेबांकडे नेलं. तुमचं नाव कापलं होतं, काळजी करू नका. साहेबांनी लॉट पुन्हा मोजायला लावले आणि तिसऱ्या दिवशी मला काम दिलं. तुम्हाला पेढेच द्यायला हवेत."

मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणजे माहीत नव्हतं, पण चोराच्या मनात चांदणं. नाहीतर पहिल्याच पत्रात मी तुला निळ्याबद्दल का विचारलं असतं? त्याच्या निरोपात निळ्याचं नावही नव्हतं.

तर ऑगस्टमध्ये काय झालं ते. गणवेश आणला त्याच आठवड्यात त्याचा पहिला निरोप आला होता. 'आशा आहे मजेत असाल. तुमच्यासारखी नजर दुर्मीळ आहे. आपण शोधात नसाल तर निदान एवढं सांगा, तुमच्या जुन्या गिरणीत चांगली नजर असलेलं कुणी आहे का?' हे सगळ्यांचं ठरलेलं वाक्य असतं. मासा गळाला लागला नाही तर त्यालाच दुसऱ्या माशाचा पत्ता विचारायचा. मी दोन ओळी लिहून मोकळी झाले असते. पण मी काय लिहिलं ते हे, जसंच्या तसं:

'आभार, सध्या शोधात नाही. जुन्या गिरणीत चांगली नजर आहे का, असं विचारलंत. होती. डोळा म्हातारा झाला की आधी निळा फसवतो, त्यांचे गेल्या सहा महिन्यांतले निळे लॉट यंत्रावर पुन्हा मोजून बघायला सांगा. तिथे माणसाची गरज आहे, फक्त त्यांना ते अजून कळलेलं नाही.'

पाठवण्याआधी मी दोनदा वाचलं. 'होती'च्या पुढे आधी स्वल्पविराम होता, तो काढून पूर्णविराम दिला. जास्त ठसकेबाज वाटलं.

का लिहिलं? त्याने मला दुर्मीळ म्हटलं होतं. नोकरी नको असते ताई, पण 'तुम्ही हव्या आहात' हे ऐकायला हवं असतं. गुपचूप बसलं तर तो परत विचारत नाही, म्हणून मी उत्तरं देते. आणि नुसतं 'नाही' म्हटलं तर माझी नजर त्याला कशी कळणार? मग ती दाखवायची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त अवलक्षण तुझ्या वाट्याला आलं.

हेसुद्धा पूर्ण खरं नाही. अकरा वर्षं तुझ्या शेजारी उभी राहिले. सगळे म्हणायचे, धाकटीची नजर चांगली आहे, पण थोरलीची ती थोरलीची. तू स्वतःही म्हणायचीस, लोकांसमोर. त्या दिवशी खिडकीपाशी तो सदरा धरला आणि तुला न दिसलेलं मला दिसलं. मला आनंद झाला, ताई. आधी आनंद झाला, काळजी नंतर वाटली. तो आनंद कुणालातरी सांगायचा होता. घरात कुणाला कळला नसता, म्हणून मी तो एका अनोळखी माणसाला सांगितला.

त्या पाच ओळींनी तुझी तीस वर्षं पणाला लावली. वाचवायला म्हणून पत्रं लिहीत होते, आणि आग मीच लावली होती. आता फाडलीस तरी मी काही म्हणणार नाही.

धाकटी


१६ ऑक्टोबर, बुधवार

ताई,

हे पत्र पोस्टाने वेळेत पोचणार नाही, म्हणून काकांच्या हातात देतेय. तुमच्या फाटकाबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय, अक्षराकडे बघू नकोस.

मी शुक्रवारी येणार नाही. मजेतअसालला सांगून टाकलं. तो चिडला नाही, तेच वाईट. म्हणाला, "ठीक आहे मॅडम, दोघं तयार आहेत, चाचणी काही अडत नाही." मला वाटत होतं मी नाही म्हटलं की सगळं थांबेल. केवढा तो मोठेपणा!

तुमच्या साहेबांना पत्र लिहायला दोनदा बसले. 'त्यांना मोतीबिंदू असावा, शस्त्रक्रियेने बरा होतो, एवढ्यासाठी माणूस काढू नका,' असं लिहिलं आणि फाडलं. तुला न विचारता तुझ्या डोळ्यांबद्दल एकदा लिहिलं, त्याचं काय झालं ते दिसतंच आहे. आता सांगायचं तर तूच सांग. उद्याच्या उद्या, चाचणीच्या आधी. नंतर सांगितलंस तर ती सबब वाटेल.

उद्या सकाळी दहाची वेळ घेतलीय, तुझ्या बसथांब्यासमोर जो डोळ्यांचा दवाखाना आहे तिथे. तुझ्या नावाने. मी दारात उभी राहीन. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, तशीच आत जा. मी आत येणार नाही.

ताई, भीती वाटते गं.

धाकटी


२२ ऑक्टोबर, मंगळवार

बये,

तुझी पाच पत्रं माझ्यासमोर आहेत. पेन जाड होतं म्हणे! आणखी मोठं लिहिलं असतंस तर फाटकावरच्या पाटीचं काम मिळालं असतं. पण वाचता आलं, ते खरं.

तुझं पहिलं पत्र येण्याच्या आठ-दहा दिवस आधी साहेबांनी मला खाली बोलावलं आणि तुझी चिठ्ठी टेबलावर ठेवली. वरची पट्टी कापलेली. "हे कुणी लिहिलं असेल?" म्हणाले. मी सांगितलं, कल्पना नाही. दुसरं वाक्य वाचायच्या आधीच मला कळलं होतं. आणि 'आधी निळा फसवतो' हे आईचं वाक्य, शस्त्रक्रियेनंतर त्या चादरी बघून ती म्हणाली होती. ते जगात आपल्या दोघींशिवाय कुणाला येतं?

बाकीच्या ओळी मी सोसल्या. खऱ्या होत्या. त्या 'होती'ने मात्र मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

मग तुझं पत्र आलं. 'नेहमीसारखं दोन ओळींत उत्तर दिलं.' मी ते खणात ठेवलं. म्हटलं बघू या, दोन ओळींच्या पाच व्हायला हिला किती पत्रं लागतात. चार लागली. लहानपणी काचेचा पेला फोडून तू तीन दिवस ताप आल्याचं सोंग केलं होतंस, त्या मानाने बरीच प्रगती आहे.

तू मला सारखं सांगत होतीस डोळे दाखव, डोळे दाखव. मला कळत नव्हतं असं वाटलं का? कळत होतं म्हणून तर नळ्या बदलत होते. डॉक्टरकडे गेले असते तर त्या चिठ्ठीवर मीच सही केल्यासारखं झालं असतं. तुझ्या 'होती'वर माझी सही! ते मला जमेना.

गुरुवारी तू दवाखान्याच्या दारात दीड तास उभी होतीस. मी समोरच्या थांब्यावर होते. पहिली बस सोडली, दुसरी सोडली. रस्ता काही फार रुंद नाही. तू उभी राहायची पद्धत बदललेली नाही, एक पाय भिंतीला लावून. पण तुझ्या अंगातलं जाकीट निळं होतं की करडं, ते मला सांगता येईना. मी डोळे बारीक केले, हाताने ऊन अडवलं, थांब्याच्या छताखाली जाऊन पाहिलं, बाहेर येऊन पाहिलं. तिथे दिव्यांची पेटी नव्हती. बदलायला नळ्या नव्हत्या. उजेड देवाचा होता, आणि तू माझी बहीण होतीस, आणि मला तुझ्या जाकिटाचा रंग कळत नव्हता.

तुझ्यासमोर येववलं नाही. तू गेल्यावर रस्ता ओलांडून आत गेले.

दोन्ही डोळ्यांत आहे. उजवा जास्त. डॉक्टरीणबाई तुझ्या लेकीपेक्षा फार मोठी नसेल. मला म्हणाली, "आजी, इतके दिवस काय करत होता?" आजी! मी म्हटलं, रंग जुळवत होते. ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय.

शुक्रवारी सकाळी साहेबांकडे गेले आणि कागद समोर ठेवला. म्हटलं, मोतीबिंदू आहे, आणि आज चाचणी आहे हेही मला ठाऊक आहे. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. रद्द करू म्हणाले. मी नको म्हटलं. मलाही बसवा म्हटलं, सगळ्यांत आधी.

बारा चिंध्या. पेटीत नव्या नळ्या, मीच बसवून घेतलेल्या. आजूबाजूला माझी अकरा माणसं, बाहेरची दोन, दारात काका. तिसऱ्या जोडीला हात थांबला. मला फरक दिसत नव्हता, सगळं एकच दिसत होतं. तरी लावल्या. यंत्राने तपासल्या, सहापैकी तीन जोड्या चुकल्या. आकडा मी स्वतः मोठ्याने वाचला आणि खाली सही केली. त्या चिठ्ठीला एवढंच उत्तर होतं माझ्याकडे.

खुर्ची गेली. त्या दोघांपैकी एक मुलगी आहे, तिला दिली. सहाच्या सहा बरोबर लावल्या तिने, हात जरा घाईचा आहे. मला तिला शिकवायला सहा महिने ठेवलंय, पुढचं डोळे बघून ठरवू म्हणतात. परत आलेल्या लॉटवर माझ्या सह्या आहेत, तेव्हा एवढं केलं तेही त्यांनी पुष्कळ केलं. तू आली असतीस तर खुर्ची तुला मिळाली असती. मला ते चाललं असतं का, हे मी अजून ठरवलेलं नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. राजीनाम्याचंही नाही आणि 'होती'चंही नाही. घाई करू नकोस, मलाही करायची नाहीये.

येत्या सोमवारी, अठ्ठावीस तारखेला, उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे. सकाळी आठ वाजता, त्याच दवाखान्यात. फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची सही लागते, आणि नंतर डोळ्यावर पट्टी असल्यामुळे घरी सोडायला माणूस लागतं. रिकाम्या ओळीवर मी तुझं नाव लिहून दिलंय. दुसरं कुणाचं लिहिणार होते?

या पत्राला उत्तर लिहीत बसू नकोस. तुला ती खोड आहे. नुसती ये.

ताई